कौन्सिलच्या कमिटीसमोर तीन मिनिटं बोलून आले (आणि एकादशीचा घोळ)

रानजाई

बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते. मंगळवारी संध्याकाळी आमच्या कौन्सिलच्या (म्हणजे इथली नगरपालिका म्हणा) आरोग्य आणि प्रौढ-देखभाल स्क्रुटिनी कमिटीसमोर (कारभाराचा जाब विचारणारी, निवडून आलेल्या सदस्यांची समिती) जाऊन बोलले, तेव्हा आता लिहूनच टाकते. धागा लांबेल, चहा घेऊन बसा.

आम्ही इंग्लंडात, मिडलँड्समध्ये. सासरे सत्तरच्या दशकात डॉक्टर म्हणून इकडे आले, एनएचएसमधूनच (इथली सरकारी आरोग्यसेवा) निवृत्त झाले, सहा वर्षांपूर्वी गेले. सासूबाई ८३ वर्षांच्या. पन्नास वर्षं शेजारणींशी फाडफाड इंग्रजी बोलणारी बाई. स्मृतिभ्रंश सुरू झाल्यापासून इंग्रजी हळूहळू गळून पडलं आणि आता फक्त मराठी उरलंय. तेही त्यांच्या माहेरचं, कोकणातलं. केअरर आली की तिला म्हणतात, "ये गो, बस." ती बसते. तिलाही आता तेवढं कळतं.

दिवसातून दोनदा केअरर, आणि डाव्या पायावरच्या जुन्या जखमेच्या ड्रेसिंगला आठवड्यातून दोनदा नर्स. केअरर कौन्सिलकडून (म्हणजे कौन्सिलने कंत्राट दिलेल्या एजन्सीकडून), नर्स एनएचएसकडून. एकाच घरात, एकाच बाईकडे, दोन वेगळ्या सरकारी जगांतली माणसं येतात आणि त्यांच्या दोन फाईली ओट्यावर शेजारी शेजारी पडलेल्या असतात. नर्सच्या फाईलमध्ये केअररने डोकवायचं नाही.

तर झालं काय, नर्सिंग सेवेने कळवलं की आमच्या भागातलं ड्रेसिंगचं क्लिनिक बंद होऊन सात मैलांवर जाणार. घरी येणं फक्त जे 'घराबाहेर पडूच शकत नाहीत' त्यांच्यासाठी. आई महिन्यातून एकदा आमच्या गाडीतून देवळात जातात, म्हणून त्या 'बाहेर पडू शकणाऱ्या' ठरल्या. देवळात जाता येतं तर दोन बस बदलून क्लिनिकला का नाही, असं ते गणित!

फोन केले, ईमेल केले. सगळीकडे गोड आवाज आणि "तुमचं म्हणणं नोंदवून घेतलंय". मग शेजारच्या मॉरीनबाई म्हणाल्या, कौन्सिलची कमिटी आहे, तिथे जा. मला वाटलं, नर्स एनएचएसची, कौन्सिलचा काय संबंध? पण संबंध आहे. बैठकीची कागदपत्रं पाच दिवस आधी वेबसाइटवर टाकावीच लागतात. २१२ पानांचा गठ्ठा, त्यात १४७व्या पानावर एका परिच्छेदात आमचं क्लिनिक होतं. 'सेवांचे सुसूत्रीकरण' या मथळ्याखाली.

आधी लेखी कळवून प्रश्न विचारायला तीन मिनिटं मिळतात (आमच्याकडे मिळतात, हे प्रत्येक कौन्सिलच्या स्वतःच्या नियमांवर असतं). हॉल लाकडी, भिंतीवर जुन्या मेयरांची तैलचित्रं, टेबलावर पाण्याचे जग. माइकला छोटा दिवा: हिरवा, पिवळा, लाल. एक आजी विणकाम घेऊन आल्या होत्या, त्या म्हणे प्रत्येक बैठकीला येतात. मी लिहून नेलेलं अर्धंच वाचलं आणि दिवा पिवळा झाला. मग कागद बाजूला ठेवला आणि सरळ विचारलं, "क्लिनिक हलवायचं ठरवलं त्याआधी यांच्यापैकी कोणी त्या बसने जाऊन बघितलंय का?"

समोर नर्सिंग सेवेच्या संचालिका बसल्या होत्या. त्यांना उत्तर द्यावं लागलं, हे मला नवीन होतं. "लेखी कळवू" म्हणाल्या. अध्यक्षांनी विचारलं, "कधीपर्यंत?" त्यावर त्या जरा थांबल्या.

एकादशीचं पुढच्या प्रतिसादात लिहिते, कुकरची शिट्टी झाली.

---

कट्ट्यावरचा_बाप्पा

वाचतोय. पण ताई, मनापासून सांगतो, ही सगळी नाटकं असतात. बोलायला द्यायचं, टाळ्या वाजवायच्या, मिनिट्समध्ये लिहायचं आणि क्लिनिक बंद करायचं. तुमच्याकडे निदान खुर्च्या तरी मांडतात. मी मुंबईचा. महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली, मग २०२६च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक. सार्वजनिक आरोग्य समिती असते आपल्याकडे, पण तेवढी वर्षं नगरसेवकच नव्हते, तर समितीत कोण, टाउन हॉलचे कबुतर?

---

रानजाई

तर एकादशी.

केअररला दर भेटीची नोंद फाईलमध्ये लिहावी लागते. काय खाल्लं, किती प्यायल्या, गोळ्या घेतल्या का. आईंना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, पण उठल्यावर पहिली नजर भिंतीवरच्या कालनिर्णयावर. एकादशी दिसली की संपलं. दुपारी केअरर मायक्रोवेव्हमध्ये भात-भाजी गरम करते, आई ताट सरकवतात. तोंडाने काही सांगता येत नाही, कारण तिला मराठी येत नाही आणि यांना इंग्रजी आठवत नाही.

फाईलमध्ये नोंद: 'जेवण नाकारले.' पंधरा दिवसांनी पुन्हा: 'जेवण नाकारले. समजावूनही नाकारले.' मग संकष्टी. मग आषाढी. शेवटी कौन्सिलच्या सोशल वर्करचा मला फोन: वारंवार जेवण नाकारणं, वजन, मूड, घरी काही ताण आहे का? 'घरी काही ताण' म्हणजे मी! मला हसावं की रडावं कळेना. बिचारी तिचं काम करत होती. पण तीन महिने रोज दोनदा माणूस घरात येतंय आणि कोणालाच विचारावंसं वाटलं नाही की ही बाई ठरावीक दिवशीच का जेवत नाही?

हेही कमिटीत मांडायचं होतं. क्लार्कने आधीच सांगितलं की वैयक्तिक तक्रार इथे चालत नाही.

---

सांजवात

मी दुसऱ्या एका कौन्सिलमध्ये प्रौढ-देखभालीत सोशल वर्कर आहे, अकरा वर्षं झाली. थोडं आतलं सांगते, कारण बाप्पा म्हणतात ते अर्धं खरं आहे आणि अर्धं नाही.

एनएचएस कौन्सिलच्या हाताखाली नाही. पण निवडून आलेल्या कौन्सिलरांना एनएचएसला जाब विचारायचा अधिकार २००१च्या कायद्याने मिळाला, आणि सध्या चालतं ते २०१३च्या नियमांवर. कमिटी माहिती मागू शकते, अधिकाऱ्याला हजर राहून उत्तर द्यायला लावू शकते. लेखी शिफारस करून उत्तर मागितलं तर २८ दिवसांत द्यावं लागतं. एखाद्या सेवेत मोठा बदल करायचा असेल तर कमिटीशी विचारविनिमय करणं बंधनकारक आहे. खरा झगडा 'मोठा' म्हणजे केवढा यावर होतो. एनएचएस म्हणणार, हा किरकोळ बदल. म्हणून तर तुमचं क्लिनिक १४७व्या पानावर गेलं.

कंत्राटावर एनएचएसचं काम करणारी खासगी कंपनीही यात येते. अनेकांना हे माहीत नसतं.

केअररची बाजू वेगळी. ती कौन्सिलचीच जबाबदारी, म्हणजे तिथे कमिटी आपल्याच घरातल्या लोकांना प्रश्न विचारते. कारभार पाहणारे कॅबिनेटचे सदस्य या कमिटीत बसू शकत नाहीत, एवढी सोय कायद्यात आहे. पण पक्ष तोच, ओळखी त्याच. सत्ताधाऱ्यांचाच माणूस अध्यक्ष असला की प्रश्न किती मऊ होतात ते मी मागच्या रांगेत बसून पाहिलंय.

वैयक्तिक तक्रार: आधी कौन्सिलची स्वतःची तक्रार-पद्धत, तिथे समाधान नाही झालं तर लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ओम्बुड्समन (तक्रारींची स्वतंत्र चौकशी करणारा अधिकारी). नर्सबद्दल असेल तर तो ओम्बुड्समन निराळा. दोन्हीकडे साधारण बारा महिन्यांची मुदत असते, ती घालवू नका.

एकादशीचं वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्याकडेही अशी 'नाकारले' असंख्य वेळा लिहिलेली असतात.

---

कट्ट्यावरचा_बाप्पा

अधिकार आहेत हे मान्य. पण दात किती?

---

सांजवात

दात होता एक. बदल पटला नाही तर कमिटी थेट आरोग्यमंत्र्यांकडे प्रकरण पाठवू शकायची, आणि त्याची धास्ती होती. ३१ जानेवारी २०२४ पासून तो अधिकार गेला. आता मंत्र्यांनाच कुठल्याही टप्प्यावर हस्तक्षेप करता येतो, आणि तशी विनंती कोणीही लिहून करू शकतं. कमिटी करू शकते, तशी रानजाईही. आधी कमिटीचं पत्र म्हणजे वजन होतं, आता ते ढिगातलं एक पत्र.

आणि बाप्पांचा मुद्दा मी स्वतःच पुढे नेते. स्टॅफर्डचं हॉस्पिटल आठवतं का कोणाला? २००५ ते २००९, रुग्णांचे हाल, तहानेने लोक फुलदाणीतलं पाणी प्यायल्याच्या कहाण्या. तिथेही काउंटीची (जिल्ह्याची) कमिटी होती, बरोची (गावच्या कौन्सिलची) होती. रॉबर्ट फ्रान्सिस यांचा चौकशी अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला, २९० शिफारशी, आणि त्यात या कमिट्यांवरही ताशेरे आहेत. हॉस्पिटलने जे सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं. प्रकरण बाहेर काढलं ते जुली बेली नावाच्या बाईने. आई गेल्यावर तिने आपल्या कॅफेत लोक गोळा केले, गेलेल्यांचे फोटो भिंतीवर लावले.

---

निवांत_नाना

लंडनमध्ये १९७९ पासून. एक जुनी गंमत सांगतो, गंमत म्हणजे तसली.

नव्वदच्या दशकात आमच्या रस्त्यावर एक आयरिश म्हातारे होते. आठवड्यातून एकदा डिस्ट्रिक्ट नर्स येऊन त्यांना अंघोळ घालायची. १९९०चा कम्युनिटी केअरचा कायदा १९९३ ला अमलात आला आणि प्रश्न निघाला की ही अंघोळ 'आरोग्याची' की 'सामाजिक'? त्वचेचा आजार असेल तर आरोग्याची, म्हणजे नर्स, म्हणजे फुकट. नुसतं अंग मळलं असेल तर सामाजिक, म्हणजे कौन्सिल, म्हणजे उत्पन्न बघून पैसे. पाणी तेच, साबण तोच. त्या म्हाताऱ्याने मला विचारलं होतं, "तुमच्या धर्मात अंघोळीचं खातं कुठलं?"

तीस वर्षं झाली, खाती दोनच आहेत. आईंच्या ओट्यावरच्या दोन फाईली वाचल्या आणि तेच आठवलं.

अवांतर: डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात (१९३२चं मंडळ!) आता गणपतीला काठ्या आणि वॉकर ठेवायला वेगळा कोपरा लागतो. आमची अख्खी पिढी एकदम म्हातारी झाली. डॉक्टर म्हणून आलो तेव्हा या व्यवस्थेच्या त्या बाजूला होतो, आता या बाजूला.

---

मोगरा७८

रानजाई, कौन्सिलची केअर फुकट मिळते का हो? माझे वडील सध्या इकडे आलेत, सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर. कंबर दुखतेय त्यांची. कौन्सिलकडे अर्ज करू का?

---

सांजवात

मोगरा, व्हिजिटर व्हिसावर नाही, त्या नादाला लागू नका. प्रवासी विमा असेल तर तो बघा. कायमचं आणायचं म्हणाल तर परावलंबी आईवडिलांच्या व्हिसाचे नियम जुलै २०१२ पासून इतके कडक झालेत की फार थोड्यांना तो मिळतो. भारतात पैसे देऊनही काळजी घेणारं कोणी मिळत नाही, हे सिद्ध करावं लागतं.

फुकटचं विचाराल तर, इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांच्या वर शिल्लक असेल तर देखभालीचा खर्च स्वतःचा. हा आकडा २०१० पासून तसाच आहे. तेव्हापासून दुधापासून घरापर्यंत सगळं वाढलं, हा नाही. घरीच केअर घेत असाल तर राहतं घर यात धरत नाहीत. केअर होममध्ये गेलात तर सहसा धरतात. जोडीदार तिथे राहत असेल तर नाही. आयुष्यभराच्या खर्चाला ८६,००० पौंडांची मर्यादा येणार होती ऑक्टोबर २०२३ मध्ये, मग २०२५ वर ढकलली, मग जुलै २०२४ मध्ये रद्दच केली.

---

ग्लासगोकर

आमच्याकडे स्कॉटलंडात ६५च्या पुढे अंघोळ-कपडे-भरवणं २००२ पासून मोफत. उगाच जळवत नाही. मोफत असलं तरी मूल्यमापनाला माणूस कधी येईल याचा नेम नाही, आणि माणूस आला तरी भेट पंधरा मिनिटांची. पंधरा मिनिटांत माझा काका मोजेसुद्धा घालून घेत नाही.

---

भीमथडी

मी पुणे जिल्ह्यातला, आरोग्य चळवळीत बरीच वर्षं काम केलं. हा धागा वाचताना अंगावर काटा आला, कारण हेच आम्ही मांडवात बसून केलंय.

२००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली. महाराष्ट्रात आधी पाच जिल्हे: अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे, ठाणे. गावातली माणसं आपल्या उपकेंद्राला, प्राथमिक आरोग्य केंद्राला रंग द्यायची. हिरवा, पिवळा, लाल. (रानजाईंच्या माइकचा दिवा वाचून हसू आलं.) नर्सबाई गावात येतात का, लसीकरण होतं का, औषध मिळतं का, प्रत्येकाला एक रंग. तक्ता गावात सगळ्यांना दिसेल असा लावायचा. आणि मग जनसुनवाई.

एक सांगतो. केंद्राच्या आवारात मांडव, डॉक्टर आणि तालुक्याचे अधिकारी समोर. बाहेरून औषधं लिहून देतात अशी तक्रार होती. डॉक्टर म्हणाले, असं क्वचित होतं. तेव्हा एका म्हातारीने पिशवीतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, रबर लावलेला. दोन वर्षं एकही टाकली नव्हती. वाचता येत नव्हतं तिला. मुलगा एकेक चिठ्ठी वाचत गेला, तारीख आणि औषध, तारीख आणि औषध. सातव्या-आठव्या चिठ्ठीला डॉक्टरांनीच हात वर केला. पुढच्या महिन्यात त्या केंद्रात औषधांचा साठा फळ्यावर लिहायला लागले.

तेव्हा बाप्पा, नाटक असेल, पण म्हातारी गठ्ठा घेऊन आली की नाटकातल्या लोकांचे संवाद विसरतात. फक्त तिथपर्यंत तिला आणायला कोणीतरी लागतं, आणि त्या 'कोणीतरी'चा निधी पहिला आटतो. प्रत्येक गावात समिती आहे कागदावर, नावच केवढं: ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. वर्षाला दहा हजारांचा निधी. बैठक झाली का, हे रजिस्टरमधल्या एकाच शाईच्या सह्या बघून कळतं.

---

कट्ट्यावरचा_बाप्पा

चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याला दंडवत. नाटक शब्द मागे घेतो, अर्धा.

---

सांजवात

भीमथडी म्हणतात तसा 'कोणीतरी' इकडे हेल्थवॉच होता. एप्रिल २०१३ पासून प्रत्येक कौन्सिलच्या हद्दीत एक. लोकांकडून ऐकायचं, केअर होममध्ये जाऊन बघायचा अधिकारही आहे त्यांना. २०२५ मध्ये सरकारने तो बंद करायचं जाहीर केलं. काम एनएचएस आणि कौन्सिल स्वतःच बघतील म्हणे. म्हणजे ज्यांच्याबद्दल तक्रार, त्यांच्याच कानात सांगायची.

रानजाई, एक व्यवहाराचं. २०१४च्या केअर ॲक्टनुसार केअर प्लॅनमध्ये त्या माणसाच्या श्रद्धा, सवयी, इच्छा धरायलाच हव्यात. पुनरावलोकन मागा, लेखी मागा, आणि 'उपवास' हा शब्द प्लॅनमध्ये छापून घ्या. नुसतं केअररला तोंडी सांगू नका; ती सोडून गेली की सगळं गेलं. भाषेचंही लिहून घ्या. आणि तुम्ही स्वतः काळजी घेता ना? मग तुमचंही वेगळं मूल्यमापन मागायचा हक्क आहे तुम्हाला. मला पैजेवर माहीत आहे, तुम्ही ते मागितलेलं नाही.

---

रानजाई

नाही मागितलेलं. :(

---

निवांत_नाना

प्लॅनमध्ये नुसतं 'उपवास' लिहू नका हो. इकडे उपवास म्हटलं की रमजानसारखा धरतात, पाणीसुद्धा देणार नाहीत. काय चालतं ते लिहा. आईंची पथ्यं बघून.

---

रानजाई

सव्वा महिन्याने अपडेट.

क्लिनिकचं: लेखी उत्तर २८ दिवस व्हायच्या आदल्या संध्याकाळी आलं. चार पानं. बसने कोणी गेलं होतं का याचं उत्तर त्यात नाही. पण घरभेटी मिळणारे आणि न मिळणारे किती, याचे आकडे त्यांनी दिलेत, आणि ते बघून कमिटीने एकमताने (तीन पक्षांचे लोक, एकमताने!) ठरवलं की हा बदल मोठाच आहे, रीतसर विचारविनिमय करा. तोवर क्लिनिक आहे तिथेच. नंतर काय होईल देव जाणे. विणकामवाल्या आजी म्हणाल्या, २०१६ मध्ये असंच फूट-क्लिनिक वाचवलं होतं, ते दोन वर्षांनी गुपचूप गेलं. स्वेटर मात्र पूर्ण झाला म्हणाल्या.

माझ्या प्रश्नावरून एका तरुण कौन्सिलरने वेगळंच विचारलं. एजन्सीच्या नोंदींमध्ये 'नाकारले' किती वेळा येतं आणि त्याचं कारण लिहायला जागा आहे का? फॉर्ममध्ये जागाच नाही, असं निघालं. चौकोन दोन: खाल्लं, नाकारलं. फॉर्म बदलू असं संचालकांनी कबूल केलंय. बघू.

घरचं: पुनरावलोकन झालं. मी एक कागद करून दिला. एकादशीच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी (डब्यात, फक्त गरम करायची), राजगिऱ्याचे लाडू, केळं, दूध. पाणी आणि गोळ्या नेहमीप्रमाणे. भात, पोळी नाही. खाली पुढच्या सहा महिन्यांच्या तारखा. कालनिर्णयावर त्याच तारखांना मी हिरवे ठिपके लावलेत. आमची केअरर झिम्बाब्वेची, तिशीतली. कागद वाचून म्हणाली, माझी आजीही चर्चसाठी उपास करायची, मला आधी का नाही सांगितलं?

काल एकादशी होती. संध्याकाळी फाईल उघडली. तिच्या गोल अक्षरात लिहिलंय: 'एकादशी. खिचडी निम्मी. लाडू दोन. तिसरा मागितला.'

---

कट्ट्यावरचा_बाप्पा

दिला का?

---

रानजाई

डब्यात दोनच कमी आहेत असं केअररचं म्हणणं. मी मोजले, तीन कमी आहेत.